लिबरेटर 42-95095 : डोंगरावरच्या अवशेषांची हात न लावता केलेली मोजणी

2 मार्च 2024, इन्व्हरनेस

कामाला सुरुवात. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, गेअरलॉखच्या दक्षिणेला शील्डेगच्या मागे खडकाळ, दलदलीचा माळ आहे. त्यात फेअरी लॉख्स नावाची छोटी तळी आहेत. 13 जून 1945 रोजी अमेरिकेचं एक बी-24एच लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान तिथे कोसळलं. युरोपातलं युद्ध महिनाभरापूर्वी संपलं होतं, जपानशी अजून चालू होतं. 44व्या बॉम्ब ग्रुपच्या 66व्या स्क्वाड्रनमधले नऊ जण आणि सोबत सहा प्रवासी, असे पंधरा जण इंग्लंडमधल्या वॉर्टनहून मायदेशी निघाले होते. मधला टप्पा आइसलंड होता. विमान आधी स्लीऑख या 981 मीटर उंचीच्या डोंगराच्या माथ्याला घासलं, काही भाग तिथेच गळाले. तिथून साधारण 20 किलोमीटर पश्चिमेला, या तळ्यांपाशी खडकांवर आदळून ते फुटलं. पंधराही जण गेले.

अवशेष आजही तिथेच आहेत. काही पाण्यात, काही काठावर, काही हेदरच्या झुडपांत. खडकावर पंधरा नावांची पाटी आहे.

आपलं काम एवढंच: मोठ्या तुकड्यांची जागा, उंची आणि दिशा नोंदवायची आणि फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार करायची. उचलायचं काही नाही, उकरायचं काही नाही. मी पोटापाण्यासाठी भूमापनाचंच काम करते, त्यामुळे यंत्रं हाताळायची सवय आहे. धाकटा भाऊ ग्लासगोहून येऊन मदत करणार आहे. इथल्या डोंगरांत युद्धकाळातल्या विमानांचे असे बरेच अवशेष पडून आहेत. कुणाला दुसऱ्या जागेवर हेच करायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

9 मार्च

आधी कायदा. ब्रिटनच्या हद्दीत लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या प्रत्येक विमानाचे अवशेष 1986 च्या 'प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स' कायद्याखाली आपोआप संरक्षित आहेत. विमान ब्रिटिश असो, अमेरिकी असो, जर्मन असो. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय अवशेषांशी छेडछाड करणं, ते हलवणं, उकरून काढणं किंवा उचलून नेणं हा गुन्हा आहे. पाहायला आणि फोटो काढायला परवाना लागत नाही. आपल्याला खणायचं नाही, त्यामुळे परवान्याची गरज पडत नाही.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या माळावर जबाबदारीने फिरायचा हक्क सगळ्यांना आहे. तरी दिवसभर मोजणीसाठीच्या खुणेच्या पाट्या मांडून बसायचं, तर जागेच्या व्यवस्थापकांना आधी विचारलेलं बरं. ईमेल केला. चार दिवसांत होकार आला, दोन अटींवर: रात्रभर काही ठेवून जायचं नाही आणि भेट द्यायला माणसं आली की काम थांबवायचं. दोन्ही अटी रास्त आहेत.

ड्रोन नको असं ठरवलं. वरून सगळा पसारा एका फोटोत आला असता हे खरं. पण ती पंधरा माणसांच्या मृत्यूची जागा आहे. लोक तिथे पाटीपुढे उभे राहतात तेव्हा डोक्यावर घरघर नको. शिवाय या भागातल्या तळ्यांवर उन्हाळ्यात डायव्हर नावाचे पाणपक्षी घरटी करतात, त्यांना त्रास देणं हाही गुन्हाच.

23 मार्च

घरामागच्या शेतात गंजलेला जुना रूळ पडलेला आहे. त्यावर सराव केला. साहित्य: जुना मिररलेस कॅमेरा, 24 मिमीची स्थिर लेन्स, रंगाऱ्याची लांब होणारी काठी (5 मीटर, 38 पौंड), तिच्या टोकाला कॅमेरा अडकवायचा जोड (12 पौंड), काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणेच्या पाट्या.

सरावातून ठरलेल्या गोष्टी: झूम लेन्स नको, फोकस आणि एक्स्पोजर एकदा ठरवून कुलूप लावायचं, लागोपाठच्या दोन फोटोंत निदान 70 टक्के भाग सारखा यायला हवा. पोलरायझर फिल्टर लावू नका. चकाकी कमी होते, पण कोन बदलला की रंगही बदलतो आणि फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला एकच पत्रा दोन वेगळे पत्रे वाटतात.

6 एप्रिल

पहिली फेरी. इन्व्हरनेसहून गेअरलॉखला जाणारा ए832 रस्ता लॉख मरीच्या काठाने जातो आणि पाण्यापलीकडे स्लीऑख सतत दिसत राहतो. आज तो अर्ध्यातूनच ढगात होता. भावाने गाडी थांबवायला सांगितली. दोघंही थोडा वेळ तिकडे बघत राहिलो, मग पुढे निघालो.

गाडी लावून वर पोचायला तासाभराची चाल. सुरुवातीला कच्चा रस्ता, मग पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची दलदल. इथली दलदल वरून घट्ट दिसते आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जातो. ट्रायपॉडचे पाय तसेच. गिर्यारोहणाचे बूट दुपारपर्यंत निकामी झाले. गमबूटच हवेत.

मोजणी शून्य, नुसती पाहणी. पाण्यातून वर आलेलं प्रोपेलरचं पातं लांबूनच दिसतं. काठावर इंजिन पडलेलं आहे. प्रॅट अँड व्हिटनीचं आर-1830, सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा, व्यास सुमारे 1.2 मीटर. अशी चार या विमानाला होती. मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले. सिलिंडर गार ठेवणाऱ्या, त्यांच्याभोवतीच्या पातळ पट्ट्यांच्या मधल्या फटींत शेवाळ इतकं दाटून भरलंय की पट्ट्यांची संख्या बोट न लावता मोजता येत नाही. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलीय. पोलादी बोल्टांमधून गंजाचे ओघळ खडकावर उतरलेत आणि दगडच तांबडा झालाय. विमानाच्या सांगाड्यातल्या एका फासळीच्या आतल्या बाजूला, जिथे ऊनपाऊस पोचत नाही, कारखान्यात दिलेला पिवळसर हिरवा प्राइमर अजून तसाच आहे.

भाऊ पलीकडच्या काठावरून ओरडला, "ताई, इकडे ये. हे लोकांनी रचलंय."

खरंच होतं. पाटीच्या खालच्या बाजूला छोटे तुकडे गोळा करून ठेवले होते. पत्र्याचे, नळ्यांचे, काचेसारख्या कशाचे तरी. कुणीतरी आदरानेच ठेवले असणार, त्यात वाईट हेतू काही नाही. पण प्रत्येक तुकडा जिथे पडला होता तिथून उचलला गेला आणि त्याची मूळ जागा आता कुणालाच सांगता येणार नाही. मोजणीच्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. पाण्याने आणि पीटने ऐंशी वर्षांत जेवढं बिघडवलं नाही, तेवढं उचलाउचलीने बिघडलंय.

घरी येताना ठरवलं: तुकड्यांची सरसकट एक यादी करायची नाही. दोन गट करायचे. 'अ' म्हणजे एकट्यादुकट्या माणसाला हलवता न येणारे. 'ब' म्हणजे हाताने उचलता येणारे. 'ब' गटाच्या जागेवरून कोणताही निष्कर्ष काढायचा नाही.

27 एप्रिल

खुणेच्या पाट्यांनी दगा दिला. पातळ प्लास्टिकच्या होत्या, वाऱ्याने उलथल्या. एक थेट तळ्यात गेली, ती काठीने ओढून काढली. जमिनीत खुंट्या ठोकता येत नाहीत, कारण खाली काय गाडलं गेलंय ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ठोकणं म्हणजे उकरण्यासारखंच. पाटीवर दगड ठेवला तर चौकट झाकली जाते. काम अर्ध्यावर सोडलं.

दुसरी अडचण जीएनएसएसची, म्हणजे उपग्रहांवरून जागा ठरवण्याच्या पद्धतीची. रिसीव्हर भाड्याने आणला होता (आठवड्याला 140 पौंड). त्याला जागच्या जागी अचूक आकडे द्यायला मोबाइलवरून दुरुस्ती-माहिती लागते आणि तळ्यांपाशी सिग्नल येतो-जातो. दुरुस्ती मिळेना तेव्हा आकडा दीड-दोन मीटर इकडेतिकडे नाचत होता. एवढ्या फरकाने इंजिन काठावर आहे की पाण्यात, हेसुद्धा ठरत नाही.

11 मे

दोन्हींवर उपाय मिळाले.

पाट्यांसाठी गॅरेजमध्ये अंथरायचं जाड रबर आणलं (22 पौंड), त्याचे वीतभर चौकोन कापून वर चौकट रंगवली. रबर जड आणि लवचिक, हेदरवर अंग टाकून बसतं. चांगल्या वाऱ्यातही हललं नाही. अवशेषांवर एकही ठेवायचा नाही, आजूबाजूच्या उघड्या खडकावरच ठेवायचे.

जीएनएसएससाठी जुनी पद्धत: रिसीव्हर एका खडकावर दोन तास न हलवता ठेवायचा, कच्ची नोंद साठवायची आणि घरी आल्यावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेच्या कायमच्या स्थानकांच्या त्याच वेळच्या नोंदींशी ताडून पाहायची. त्या नोंदी विनामूल्य मिळतात. आता आकडा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत स्थिर आहे. असे चार खडक निवडले, दूरदूर, तळ्यांच्या चारी अंगांना. खडकांवर खूण केलेली नाही. प्रत्येकाचे जवळून आणि लांबून फोटो काढून ठेवलेत, त्यावरून पुन्हा सापडतील. पुढची सगळी मोजणी या चार बिंदूंवर टांगलेली आहे, म्हणून इथे घाई करू नका. आमचा आख्खा दिवस यात गेला आणि अवशेषांचा एकही फोटो झाला नाही.

25 मे

मळभ. फोटोंसाठी याहून चांगला उजेड नाही. पत्र्यावर चकाकी नाही, सावल्या नाहीत. स्वच्छ उन्हाचा दिवस आम्हाला इथे कुचकामी ठरला, हे सहलीला येणाऱ्यांना पटणार नाही.

इंजिनाभोवती तीन फेऱ्या: एक गुडघ्याच्या उंचीवरून, एक उभ्याने, एक काठी उंच धरून. काठीवरचा कॅमेरा फोनवरून चालवायचा. भाऊ काठी धरतो, मी फोनवर बघते. पाच मीटरवर कॅमेरा नेला की वाऱ्यात काठी डोलते, म्हणून शटर 1/500 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो जुळतो, हललेला जुळत नाही.

चाकाच्या पायाचेही फोटो झाले. लिबरेटरचा मुख्य पाय जाडजूड, एकाच मोठ्या चाकाचा. तो बाहेरच्या बाजूला पंखात मिटायचा.

26 मे, घरी

संगणकावर प्रतिकृती जोडली. रात्रभर चालवली, सकाळी दोन वेगळे तुकडे मिळाले. इंजिन एक, चाकाचा पाय दुसरा, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध काहीच नाही. कारण साधं आहे: दोन्ही वस्तूंभोवती भरपूर फोटो आणि मधल्या वाटेवर एकही नाही. वस्तू महत्त्वाची वाटते, मधलं गवत वाटत नाही. सॉफ्टवेअरला मात्र त्या गवतातूनच चालत यावं लागतं. पुढच्या फेरीत एका वस्तूकडून दुसरीकडे जाताना दर पावलाला फोटो, खडक चौकटीत येतील असे, कारण गवत हलतं आणि खडक हलत नाही.

मापही चुकत होतं. प्रतिकृतीत दोन खडकांमधलं अंतर 20 मीटरला 4 सेंटिमीटर कमी येत होतं. मीटरभर लांबीच्या मापपट्टीवरून सगळ्या जागेचं माप ठरवलं की तिच्यातली बारीक चूक वीसपट होते. आता लांब टेपने खुणेच्या पाट्यांमधली पाच-सहा अंतरं थेट मोजून तीच माप म्हणून द्यायची.

13 जून

अपघाताचा दिवस. आज यंत्रं नेली नाहीत. दोघंच वर गेलो, पाटीवरची नावं शांतपणे वाचली. आमच्याआधी कुणीतरी येऊन फुलं ठेवून गेलं होतं. एवढे दिवस पत्रे आणि बोल्ट मोजताना माझं लक्ष वस्तूंवरच होतं. पंधरा नावं एकामागून एक वाचल्यावर ठरवलं की प्रतिकृतीच्या फाइलीतही पहिली नोंद या पंधरा नावांची असेल आणि तुकड्यांची यादी त्यानंतर.

22 जून

चिलटं. इथे त्यांना मिज म्हणतात. वारा पडला की ढगासारखी येतात, डोळ्यांत, नाकात, बाहीत. तोंडावर जाळी घेतली तर कॅमेऱ्याच्या पडद्यातलं दिसत नाही. काठी दोन्ही हातांनी धरलेला माणूस तोंडही पुसू शकत नाही, भावाचे हाल बघवेनात. दोन तासांत परतलो. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत वारा नसलेल्या दिवशी जाऊ नका. आणि वारा असलेल्या दिवशी गवत हलतं. यातून सुटका नाही, निवड करावी लागते. आम्ही वारा निवडला.

6 जुलै

पाण्यातलं पातं. या कामातला सर्वांत अवघड भाग आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

लिबरेटरचा प्रोपेलर तीन पात्यांचा, व्यास साडेतीन मीटर. त्याचं एक पातं पाण्याबाहेर उभं आहे. काठावरून एकच बाजू दिसते. पाण्यात उतरायचं नाही, असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं: तळ पीटचा आहे, पाय कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि त्या चिखलात काय असेल तेही नाही. होडीही नको, तिचा तळ कशाला तरी घासणारच.

मेमधल्या फोटोंवरून केलेल्या प्रतिकृतीत पाण्याखाली दुसरं पातं दिसत होतं, वरच्याइतकंच स्पष्ट. भाऊ हरखला. मला शंका होती, कारण ते अगदी सारखं होतं, वाकही तोच. ते प्रतिबिंब होतं. पाणी स्थिर असलं की सॉफ्टवेअर प्रतिबिंबाला खरी वस्तू समजून तिचीही प्रतिकृती करतं. असं न तपासता छापलं गेलं असतं तर पाण्याखाली दुसरं पातं असल्याचा समज पसरला असता आणि कुणीतरी ते शोधायला पाण्यात उतरलं असतं.

उपाय एकच, कंटाळवाणा: प्रत्येक फोटोत पाण्याचा भाग हाताने झाकून टाकायचा. संध्याकाळमागून संध्याकाळ हेच करत बसले. आज काठी आडवी धरून तळ्यावर पुढे नेली आणि पात्याचा आणखी थोडा भाग मिळवला. पलीकडचा भाग मिळाला नाही. प्रतिकृतीत तिथे भोक आहे आणि ते तसंच ठेवणार आहे. सॉफ्टवेअर असं भोक स्वतःहून बुजवून गुळगुळीत पृष्ठभाग दाखवतं, ती सोय बंद करा. जे पाहिलं नाही ते दाखवायचं नाही.

31 ऑगस्ट

तुकडे ओळखण्याचं काम. दोन गोष्टींची मदत झाली.

एक, भागांचे क्रमांक. लिबरेटर हे कन्सॉलिडेटेड कंपनीचं मॉडेल 32, त्यामुळे त्याच्या बऱ्याच भागांवरचे क्रमांक 32 ने सुरू होतात. जोडकामांवर ते ठसठशीत असतात. टॉर्च तिरपी धरली की गंजातूनही वाचता येतात. घासून पुसून वाचायचा मोह होतो, तसं करू नका, वरचा थर निघतो. तिरप्या उजेडात चार दिशांनी फोटो काढा आणि घरी संगणकावर वाचा. विमानाच्या स्वतःच्या क्रमांकातले पहिले 42 म्हणजे 1942 च्या आर्थिक वर्षातली मागणी.

दुसरी मदत आख्ख्या विमानाची. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात एक लिबरेटर आहे आणि ते भारताने दिलेलं आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त करून उडती केली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती समुद्रावर टेहळणीला जात आणि 1968 पर्यंत सेवेत होती. जगात आज जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत त्यांतली बरीचशी याच भारतीय ताफ्यातली. माझं बालपण येरवड्यात, लोहगावच्या विमानांच्या आवाजात गेलं आणि हे मला इथे येऊन कळलं. त्या विमानाच्या चाकाच्या पायाचे फोटो आमच्या फोटोंशेजारी ठेवले आणि इतके दिवस 'अनोळखी, पोलादी, वाकलेला' असं लिहिलेला एक भाग दहा मिनिटांत ओळखला गेला: पाय वर ओढायच्या यंत्रणेचा दांडा. तुटलेल्या विमानाचा अभ्यास करायचा असेल तर आधी अखंड विमान पाहून या. आम्ही हे मार्चमध्ये करायला हवं होतं, वेळ वाचला असता.

14 सप्टेंबर

चिलटं गेली, हेदर फुलून कोमेजायला लागलंय, गवत पिवळं पडून खाली बसतंय. तुकड्यांच्या कडा उन्हाळ्यापेक्षा स्पष्ट दिसतात. ऑगस्टमध्ये पूर्ण झाकलेले दोन भाग आज दिसले. मोजणीचा खरा हंगाम हा आहे, किंवा मग एप्रिल, गवत वाढायच्या आधी.

मधल्या वाटांचे फोटो पूर्ण झाले. पायवाटेने आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाने पत्र्याचा तुकडा उचलला होता. भावाने त्याला बोलावून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच तुकडा मागच्या फोटोत कुठे होता ते दाखवलं. मुलाने फोटो बघून बघून तो बरोबर त्याच जागी, त्याच बाजूवर परत ठेवला. आईवडिलांनी आणखी बरंच विचारलं. पाटी लावून 'हात लावू नका' म्हणण्यापेक्षा हे जास्त पटलं असं मला वाटतं.

5 ऑक्टोबर

सगळे बिंदू एका नकाशावर आले. चार खडकांच्या आधारावर तपासलं, तीन सेंटिमीटरच्या आत बसतंय. मला समाधान आहे.

नकाशा पाहिल्यावर भावाचा पहिला प्रश्न: "ताई, मग विमान कुठून आलं, बाण काढायचा ना?" बाण काढायचा मोह मलाही झाला. 'अ' आणि 'ब' दोन्ही गट एकत्र दाखवले तर एक छान पट्टा दिसतो आणि त्याच्या मधून रेघ ओढता येते. 'ब' गट काढून टाकला की पट्टा नाहीसा होतो. म्हणजे तो पट्टा पायवाटेचा आणि पाटीभोवतीच्या वावराचा आहे, विमानाच्या येण्याचा नाही. उरतात ते जड भाग, ते थोडे आहेत आणि त्यातले काही खडकावर आपटून उडालेले असणार. एवढ्यावरून शेवटच्या काही सेकंदांत विमान कसं वळत होतं हे सांगणं म्हणजे त्या वैमानिकांच्या तोंडी आपले शब्द घालणं. नकाशावर बाण नाही. खाली टीप आहे: 'हलवता येण्याजोग्या तुकड्यांच्या जागा मूळच्या मानू नयेत.'

वाद झाला थोडा. त्याचं म्हणणं, लोकांना गोष्ट हवी असते. माझं म्हणणं, गोष्ट पाटीवर लिहिलेली आहे आणि ती पुरेशी आहे.

19 ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब, ज्यांना आधी अंदाज हवा असतो त्यांच्यासाठी. पेट्रोल दर फेरीला सुमारे 30 पौंड, सगळ्यात मोठा खर्च हाच. त्याखालोखाल जीएनएसएसचं भाडं, ते आम्हाला दोनदा द्यावं लागलं. काठी, जोड, रबर, रंग मिळून 90 पौंडांच्या आत. दोघांचे गमबूट 70. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत वापरलं, पैसे शून्य, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते भावाच्या संगणकात आधीच होतं. वेळेचं म्हणाल, तर डोंगरावर घालवलेल्या प्रत्येक तासामागे घरी संगणकापुढे तीन-चार तास धरा. पाण्याचा भाग झाकण्यातच त्यातला बराचसा गेला.

परत करायचं झालं तर क्रम असा ठेवीन: आधी अखंड विमान पाहणं, मग चार पक्के बिंदू, मग मधल्या वाटा आणि शेवटी वस्तू. आमचा क्रम असा नव्हता.

9 नोव्हेंबर

प्रतिकृती, नकाशा आणि मूळ फोटो यांची एक प्रत हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे पाठवली, एक जागेच्या व्यवस्थापकांना दिली. मूळ फोटो दिलेच पाहिजेत. आजची प्रतिकृती दहा वर्षांनी जुनाट ठरेल, पण त्याच फोटोंवरून नवी करता येईल. फाइलीत सुरुवातीला पंधरा नावं आहेत.

सर्वांना खुल्या असलेल्या प्रतीत 'ब' गटाच्या नेमक्या जागा दिलेल्या नाहीत. तो खिशात मावणाऱ्या वस्तूंचा नकाशा झाला असता. 'अ' गट पूर्ण दिला आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये, गवत वाढायच्या आधी, त्याच चार खडकांवरून पुन्हा मोजायचं आहे, म्हणजे वर्षभरात काय हललं ते कळेल. स्लीऑखच्या माथ्याजवळ काही उरलं आहे का, हे पाहायचं अजून बाकी आहे. ती वाट लांब आहे आणि दोघांनी पुरेशी नाही. डोंगराची सवय असलेलं आणखी कुणी बरोबर आलं तरच जाऊ.